गावाच्या आठवणी टिकवायच्या कशा?

प्रश्न : आमच्या छोट्या शहरातील आम्ही काही जण जुनी छायाचित्रे, पत्रे आणि ज्येष्ठांच्या आठवणी समाजमाध्यमावरील एका गटात टाकत असतो. प्रतिसाद उत्तम आहे. पण वर्षभरापूर्वी टाकलेले काही शोधू गेल्यास सापडत नाही. हा संग्रह टिकावा म्हणून काय करावे?

उत्तर : गटात टाकलेली वस्तू लोकांना दिसते, ती टिकेलच याची हमी तेथे कोणीही दिलेली नसते. हौशी मंडळींच्या असंख्य पानांचे माहेरघर असलेली जिओसिटीज ही सेवा २००९ साली बंद झाली, आणि संगणकांच्या स्थलांतरात २०१५ पर्यंतची गाणी व छायाचित्रे नष्ट झाल्याचे मायस्पेस या समाजमाध्यमाला २०१९ मध्ये सांगावे लागले. त्याहून बोलके उदाहरण बीबीसीच्या १९८६ सालच्या डूम्सडे प्रकल्पाचे आहे. इंग्लंडमधील १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून शाळाशाळांतील मुलांनी आणि नागरिकांनी आपापल्या परिसराची माहिती व छायाचित्रे जमवली आणि ती लेझर-तबकड्यांवर साठवण्यात आली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि संशोधकांना तो मजकूर खटपटीने सोडवून घ्यावा लागला. चर्मपत्रावरची मूळ नोंदवही मात्र आजही वाचता येते!

म्हणून गट चालू ठेवावा, परंतु मूळ संग्रह आपल्या हाती असावा. छायाचित्रे निदान ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावीत आणि त्यांच्या हलक्या जेपेग प्रती लोकांसाठी वापराव्यात. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले छायाचित्र बहुधा आकुंचित झालेले असते, त्यामुळे ते मूळ समजू नये. छायाचित्राची मागची बाजूही अवश्य स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख किंवा एखादे नाव बहुधा तेथेच असते. सर्व साहित्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा व वर्षातून एकदा प्रती उघडून पाहाव्यात.

माझ्या मते याहूनही निकडीचे काम नोंदींचे आहे. फायली हरवण्यापूर्वीच त्यांतील माणसे ओळखणारे डोळे हरपतात. प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्यावा आणि साध्या तक्त्यात त्याचे ठिकाण, साल, त्यातील व्यक्ती, छायाचित्रकार, ते कोणाकडून मिळाले आणि ही माहिती कोणी सांगितली हे लिहावे. साल ठाऊक नसल्यास ‘अंदाजे १९५० ते १९६०’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. नेमके वाटणारे चुकीचे साल पुढे वर्षानुवर्षे नकलले जाते. गटातील प्रतिक्रियांमध्ये ‘डावीकडून दुसरे ते आमचे आजोबा’ असे कोणी लिहिले, तर ते त्याच आठवड्यात तक्त्यात उतरवून घ्यावे. ग्रंथालयांप्रमाणे नोंदी करण्याची हौस असेल, तर १९९५ पासून प्रचारात असलेली डब्लिन कोअर ही १५ रकान्यांची पद्धत आहे. पण ती जमत नाही म्हणून काम अडवू नये.

सार्वजनिक प्रतीसाठी इंटरनेट आर्काइव्ह हे डिजिटल ग्रंथालय किंवा विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त छायाचित्रांचे भांडार, हे चांगले पर्याय आहेत. कॉमन्सवर मात्र कोणालाही, व्यापारासाठीसुद्धा, पुनर्वापराची मुभा द्यावी लागते, हे साहित्य देणाऱ्यांना आधीच सांगावे.

प्रश्न : एकाच घटनेविषयी दोन वृद्ध गृहस्थ अगदी वेगळी हकीकत सांगतात. कोणती ठेवावी?

उत्तर : दोन्ही ठेवाव्यात, प्रत्येकीसोबत सांगणाऱ्याचे नाव, घटनेच्या वेळचे वय आणि त्याने ती स्वतः पाहिली की कोणाकडून ऐकली, हे नोंदवावे. मग वर्तमानपत्रांचे जुने अंक, नगरपालिकेची इतिवृत्ते किंवा शाळेची नोंदवही यांच्याशी ताडून पाहावे आणि जे आढळेल ते वेगळ्या टिपेत लिहावे; सांगणाऱ्याच्या शब्दांत दुरुस्ती करू नये. स्मरणातली तारीख चुकीची असली, तरी त्या काळी लोकांना कशाची धास्ती वाटत होती, हे त्याच हकीकतीतून कळते. ध्वनिमुद्रण वेव्ह या आवाज न आकुंचता साठवणाऱ्या स्वरूपात करावे, आरंभी दिनांक व नावे मोठ्याने उच्चारावीत, आणि एकेका बैठकीत तासाभराहून अधिक ताण देऊ नये. ‘त्या वेळी काय घडले?’ या प्रश्नापेक्षा एखादे जुने छायाचित्र हाती देऊन गप्प बसल्याने अधिक काही मिळते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

प्रश्न : अल्बम ज्यांचा आहे त्यांची परवानगी पुरेशी आहे का?

उत्तर : नेहमीच नाही. छायाचित्र जवळ असणे आणि त्याचा स्वामित्वहक्क असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा हक्क अनेकदा छायाचित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. छायाचित्रकार सापडत नसेल, तर केलेल्या शोधाची नोंद ठेवावी आणि हरकत आल्यास छायाचित्र उतरवले जाईल, असे स्पष्ट लिहावे. हयात व्यक्तींचे पत्ते, आजारपण व घरगुती तंटे यांविषयीचा मजकूर संग्रहात जपता येईल, पण तो तूर्त लोकांसमोर आणू नये. देणाऱ्याकडून लेखी संमती घेताना किती वर्षे काय बंद ठेवायचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.