‘नोकरीस मनाई’ लिहिलेलं जुनं कार्ड फाडू नका

प्रश्न : मी माझ्या देशात ११ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. जीव वाचवून इथे आले. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायला ७ वर्षं गेली आणि तोवर मला नोकरी करायला मनाई होती. ओळखपत्रावरच तसं छापलं होतं. चार महिन्यांपूर्वी निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, कामाची परवानगीही मिळाली. आता प्रत्येक मुलाखतीत विचारतात, ‘ही सात वर्षं काय करत होतात?’ मी गप्प होते आणि विषय तिथेच संपतो. एक ओळखीचे म्हणाले, आमच्या दुकानात होतीस असं लिही, मी कागद देतो. दुसरी गोष्ट, निकालाच्या आधी पैसे पार संपले तेव्हा मी पाच महिने एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात रोखीने भांडी घासली. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे मालकाने दिलेच नाहीत. तक्रार केली तर माझा दर्जा जाईल का? शिक्षणाची प्रमाणपत्रंही घरीच राहिली. आमच्या दूतावासात अर्ज करू का? कधी कधी वाटतं, ते जुनं कार्ड फाडून टाकावं आणि सगळं विसरावं.

उत्तर : ताई, आधी त्या कार्डाचं बोलू. ते फाडू नका. तुम्हाला ते अपमानासारखं वाटतं हे मी समजू शकतो, पण सात वर्षं तुम्ही घरी का बसलात याचा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. सरकारनेच छापून दिलेला. अशी जितकी जुनी कार्डं, मुदतवाढीची पत्रं, परवानगी नाकारल्याची उत्तरं असतील, ती सगळी एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. मधलं एखादं हरवलं असेल तर ज्या कार्यालयाने तुमचा अर्ज हाताळला त्याला लेखी विनंती करा, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मला नोकरीची परवानगी नव्हती आणि अमुक तारखेला ती मिळाली, एवढं एका पत्रावर द्यावं. बऱ्याच देशांत आपल्या फायलीची प्रत मागण्याचा हक्क असतो. पत्र मिळालं नाही तर ती प्रत मागा.

तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही, आणि तुमच्या परिस्थितीत ते योग्यच केलंत. म्हणून मी बहुतेक ठिकाणी लागू पडेल तेवढंच सांगतो. तुमच्या देशातली नेमकी मुदत आणि नेमका अर्ज तिथल्या वकिलाकडून किंवा मोफत कायदा-मदत केंद्रातून पक्का करून घ्या.

ही मनाई कुठून आली ते समजलं, तर मुलाखतीत मान खाली जाणार नाही. निर्वासितांबद्दलचा १९५१ चा जिनिव्हा करार कलम १७ मध्ये नोकरीचा हक्क देतो, पण तो देशात ‘कायदेशीरपणे राहणाऱ्या’ निर्वासिताला. या शब्दांचा अर्थ पुष्कळ सरकारं असा लावतात, की मान्यता मिळाली तोच कायदेशीर रहिवासी. ज्याचा अर्ज अजून पडून आहे त्याला हे कलम लागू नाही, असं त्यांचं म्हणणं. तुमची सात वर्षं या फटीत गेली. ही फट सगळ्या न्यायालयांनी मुकाट मान्य केलेली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने २००३ साली आश्रय मागणाऱ्यांवरची काम आणि शिक्षणाची सरसकट बंदी चुकीची ठरवली आणि कामाचा संबंध थेट माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडला. आयर्लंडमध्ये म्यानमारहून आलेला एक माणूस आठ वर्षांहून जास्त काळ निकालाची वाट पाहत होता. काम समोर होतं, कायदा करू देत नव्हता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, की प्रक्रिया किती लांबेल याला काही हद्द नसताना कामावर कायमची पूर्ण बंदी घालणं राज्यघटनेत बसत नाही. पुढच्या वर्षी तिथला नियम बदलला. तुमच्यासाठी हे निकाल उशिरा आले म्हणा किंवा दुसऱ्या देशात आले म्हणा. पण तुमच्या बायोडेटातलं भगदाड तुम्ही पाडलेलं नाही, एवढं त्यांतून नक्की दिसतं.

आता त्या दुकानाच्या कागदाबद्दल. नाही. अजिबात नाही. त्या ओळखीच्या माणसाचा हेतू चांगला असेल, पण तो तुम्हाला विहिरीत ढकलतो आहे. त्या कागदाचा अर्थ असा होतो, की मनाई असताना तुम्ही सात वर्षं नोकरी केलीत. जी गोष्ट घडलीच नाही तिची कबुली तुम्ही स्वतःच्या सहीने देणार, आणि वर तो कागद बनावट. माझ्याकडे असाच कागद दिलेला एक अशील आला होता. पडताळणीत दुकानाचा कर भरल्याची नोंद मागितली, ती नव्हती. नोकरी गेली, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तोच खोटा कागद त्याच्या वर्तणुकीवरचा डाग म्हणून समोर ठेवला गेला. भांडी घासल्याचं ओझं त्यापुढे काहीच नाही.

बायोडेटात ती वर्षं मोकळी सोडू नका आणि लपवूही नका. इतर नोकऱ्यांसारखीच तारखांसह एक ओळ लिहा : ‘या काळात इमिग्रेशन प्रक्रिया प्रलंबित असल्याने या देशात नोकरीची कायदेशीर परवानगी नव्हती. परवानगी अमुक तारखेपासून, विनाअट.’ तुमच्या कागदावर काही अट असेल तर मात्र ‘विनाअट’ हा शब्द काढा. खाली त्या वर्षांत जे खरंच केलंत ते मांडा. भाषेचे वर्ग, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, एखाद्या संस्थेतली स्वयंसेवा, शेजारणीला दवाखान्यात नेऊन दुभाषाचं काम करणं. पत्रात तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. माझा अनुभव असा, की सात वर्षांत काहीच केलं नाही असा माणूस नसतो. त्याला काम म्हणायची आपल्याला सवय नसते. फक्त स्वयंसेवेला ‘नोकरी’ म्हणू नका.

आश्रय का मागितला, घरी काय झालं, हे मालकाला सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तुम्हाला काम करायचा हक्क आहे का, एवढंच त्याला तपासायचं असतं. मुलाखतीत प्रश्न आला की दोन वाक्यं पुरतात : ‘माझा अर्ज सात वर्षं प्रलंबित होता आणि तोवर मला नोकरीची परवानगी नव्हती. ती चार महिन्यांपूर्वी मिळाली, हे पत्र.’ आणि पत्र टेबलावर ठेवा. इथे शब्दांची एक काळजी घ्या. ‘मला परवानगी नव्हती’ हे खरं आहे. ‘मी काहीच काम केलं नाही’ हे खरं नाही, म्हणून ते वाक्य तोंडून जाऊ देऊ नका आणि कुठल्या फॉर्मवर सहीने तर मुळीच नाही. वाक्यं घरी मोठ्याने पाच-दहा वेळा म्हणून बघा. गप्प बसणं समोरच्याला लपवाछपवीसारखं वाटतं.

तुमच्या परवान्यावर संपण्याची तारीख असेल, तर काही मालक तेवढ्यावरून मागे सरतात. पुष्कळ देशांत हा भेदभाव ठरतो. अमेरिकेत, उदाहरणार्थ, मान्य यादीतला कोणता कागद दाखवायचा हे कामगाराने ठरवायचं असतं, आणि तो कागद पुढे कधीतरी संपणार आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही. तुमच्याकडचा नियम छापील स्वरूपात सोबत ठेवा. कित्येकदा मालक वाईट नसतो, त्याने असं कार्ड आयुष्यात पाहिलेलं नसतं.

आता एक धोका, जो तुम्ही विचारलेला नाही. रुग्णालयं नेमणुकीआधी जुन्या ठिकाणी चौकशी करतात. व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर सही घेतली जाते आणि मग कोणीतरी थेट तुमच्या जुन्या सरकारी रुग्णालयाला ई-मेल पाठवून विचारतं, की ही बाई तुमच्याकडे होती का. तुम्ही कुठे आहात हे त्या एका ई-मेलने ज्यांना कळू नये त्यांना कळतं, आणि तुमचे आईवडील, भावंडं अजून तिथे असतील तर धोका त्यांनाही आहे. म्हणून सही करण्याआधी लेखी कळवा, की माझ्या मूळ देशातल्या कोणत्याही कार्यालयाशी संपर्क करू नये. त्याबदली पर्याय द्या : तुमच्यासारखीच बाहेर पडलेली आणि आता दुसऱ्या देशात असलेली एखादी सहकारी, जुन्या पगाराची पावती, गणवेशातला फोटो, तुमचं प्रतिज्ञापत्र.

दूतावासाचंही तेच, किंबहुना जास्तच. तिथे जाऊ नका. १९५१ च्या कराराचं कलम १-क सांगतं, की निर्वासिताने स्वेच्छेने पुन्हा आपल्या देशाचं संरक्षण घेतलं तर निर्वासितपण संपू शकतं. नवा पासपोर्ट काढणं हे त्याचं ठळक उदाहरण. नुसती प्रमाणपत्राची प्रत मागणं तेवढं गंभीर धरलं जाईलच असं नाही, पण हा वाद तुम्ही आपल्या अंगावर का ओढवून घ्यायचा?

याची दुसरी वाट त्याच करारात आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कलम २५ म्हणतं, की परक्या नागरिकाला जो दाखला एरवी आपल्या देशाकडून मिळाला असता तो निर्वासिताला आश्रय देणाऱ्या देशाने द्यावा किंवा मिळवून द्यावा, आणि विरुद्ध पुरावा नसेल तर तो खरा मानला जावा. ओळख, जन्म, विवाह अशा कागदांसाठी हे कलम खूप उपयोगी पडतं. शिक्षणासाठी १९९७ चा लिस्बन करार आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांनी निर्वासितांचं शिक्षण, कागद हाताशी नसले तरी, योग्य रीतीने आणि लवकर तपासायची व्यवस्था करायची आहे. युरोपात त्यातून ‘युरोपियन क्वालिफिकेशन्स पासपोर्ट फॉर रेफ्युजीज’ निघाला. तुमच्याकडे असतील ते कागद बघतात, तज्ज्ञ मुलाखत घेतात, आणि पाच वर्षं चालणारा मूल्यमापनाचा दस्तऐवज देतात. युनेस्कोचाही असाच पासपोर्ट आहे. नावाने फसू नका : हा प्रवासाचा पासपोर्ट नाही, कामाचा परवाना नाही आणि नर्सिंगची नोंदणीही नाही. पण रिकाम्या हाताने दार ठोठावण्यापेक्षा तो हातात असणं केव्हाही बरं.

नर्सिंगची नोंदणी ही वेगळी पायरी, आणि इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. परिचारिकेचं काम बहुतेक सगळीकडे नोंदणीशिवाय करता येत नाही, निर्वासित असो वा स्थानिक. नोंदणी परिषदा दोन गोष्टी बघतात, भाषा आणि अलीकडचा प्रत्यक्ष अनुभव. सात वर्षांचा खंड दुसऱ्या गोष्टीत आडवा येणार. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी देखरेखीखालचं काम, पुन्हा रुजू होण्याचा अभ्यासक्रम किंवा प्रात्यक्षिक परीक्षा असते. म्हणून नोकरीचे अर्ज करत बसण्याआधी परिषदेला लिहा. खंडाचं कारण कायद्याची मनाई होतं हे जुन्या कार्डाची प्रत जोडून सांगा, आणि निर्वासितांसाठी वेगळी वाट किंवा शुल्कात सवलत आहे का ते विचारा. तोवर रुग्ण-मदतनीस किंवा वृद्धांच्या काळजीचं काम मिळत असेल तर घ्या. त्यात कमीपणा नाही, आणि त्या देशातल्या वॉर्डाचा ताजा अनुभव पुढे मोजला जाऊ शकतो.

राहिले तुमचे दोन महिन्यांचे पैसे. भांडी घासल्याने निर्वासितपण जातं का? मान्यता काढून घेण्याची कारणं वेगळी असतात : मूळ अर्जातच फसवणूक, अतिशय गंभीर गुन्हे, किंवा मघाशी सांगितलं तसं स्वतःहून आपल्या देशाच्या आश्रयाला परत जाणं. पोट भरण्यासाठी केलेलं पाच महिन्यांचं काम त्यात बसत नाही. तरीही ते अगदी निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. काही देशांत त्याबद्दल दंड असतो, आणि नागरिकत्वाच्या वेळी चांगल्या वर्तणुकीच्या प्रश्नात ते निघू शकतं. तिथे विचारलं तर खरं सांगायचं, आणि सांगण्याआधी वकिलाला दाखवायचं. दुसऱ्या कोणाच्या नावावर किंवा त्याच्या कार्डावर काम केलं असेल तर मात्र प्रकरण निराळं होतं. तसं असेल तर कुठेही एक ओळ लिहिण्याआधी वकील गाठा.

पैसे मागायचा हक्क तुम्हाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. परवानगीशिवाय केलेल्या कामाचाही पगार बुडवता येऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७५ च्या १४३ क्रमांकाच्या कराराचं कलम ९ सांगतं. तो थोड्याच देशांनी स्वीकारला, आणि काही न्यायालयं अजूनही ‘करारच बेकायदा होता’ म्हणून दावा फेटाळतात. म्हणून आधी गुपचूप सल्ला घ्या. कामगार तपासणी खातं इमिग्रेशन खात्याला नावं कळवतं की नाही, हे तुमच्या देशात काय आहे ते वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. मान्यता मिळाल्यामुळे तुमची बाजू आता त्या वेळेपेक्षा पुष्कळ मजबूत आहे. ते मालकालाही कळतं, आणि अनेकदा वकिलाच्या साध्या पत्रावर पैसे निघतात.

पण थकलेल्या पगाराच्या दाव्याची मुदत काही देशांत वर्षांची नसते, जेमतेम काही महिन्यांची असते. तुमचे चार महिने आधीच गेले आहेत. तेव्हा आजच एका कागदावर लिहून काढा : कामाचा पहिला आणि शेवटचा दिवस, रोजचे तास, ठरलेली मजुरी, मिळालेले आणि न मिळालेले पैसे, सोबत काम करणाऱ्यांची नावं. मालकाचे फोनवरचे संदेश पुसू नका, त्यांची प्रत दुसरीकडे ठेवा. तो कागद आणि कार्डांची ती फाईल घेऊन याच आठवड्यात कायदा-मदत केंद्रात जा.