पहिल्या दुपारी परतीचं तिकीट शोधायचं नाही

"मॅडम, एकटीनं कुठंतरी जावंसं वाटतंय. पण तिथं पोचल्यावर जीव घाबरा झाला तर काय करू?"

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हल्ली सारखा येतो. विचारणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका असतात. मुलं मार्गी लागलेली, हातात थोडे पैसे, गुडघे अजून साथ देणारे. घरच्यांचा थेट नकार नसतो, फक्त "कुणाबरोबर चाललीस?" एवढंच विचारलं जातं आणि त्यातच निम्मी तयारी बारगळते. उत्तर म्हणून एका बाईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना इथं ताई म्हणू.

ताई छप्पन्न वर्षांच्या. मार्केट यार्डात घरचं हळदीचं अडत दुकान. यजमान गेल्यावर हिशेबाची बाजू त्यांच्याकडं आली. त्यांना कोचीला जायचं होतं. लग्न होऊन आल्यापासून बिलांवर 'कोचीन' हे नाव वाचत आल्या होत्या, ते गाव एकदा बघायचं, एवढंच कारण. मला ते फार आवडलं. कुणीतरी फोटो टाकले म्हणून जाणाऱ्यांपेक्षा असं स्वतःचं कारण असलेली माणसं बाहेर जास्त टिकतात, असं माझं मत आहे.

भीती नेमकी कशाची, हे आधी सुटं केलं. चोरांची नव्हती. हॉटेलात एकटीनं जेवायला बसण्याची होती. रात्री छातीत धडधडलं तर जवळ कुणी नाही, ही दुसरी. आणि बोटीची. 2019 च्या पुरात गावभागातलं घर सोडताना त्या बचावपथकाच्या बोटीतून बाहेर पडल्या होत्या. "बोट सोडून काहीही सांगा," त्या म्हणाल्या. मी बोट सोडली. धडधडीसाठी रक्तदाब, थायरॉइड आणि ईसीजी आधीच झाले होते, सगळं ठीक होतं. हे तपासल्याशिवाय "मनाचं आहे" असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, समुपदेशकालाही नाही.

मग भीती कशी चालते ते बोललो. भीती चढते, शिगेला पोचते आणि तिला खतपाणी घातलं नाही तर आपली आपण उतरते. चढत असतानाच आपण पळ काढला तर सुटल्यासारखं वाटतं खरं, पण मेंदू त्यातून शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. म्हणून एकच नियम ठरवला: पहिल्या दुपारी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. परत यायचं तर खुशाल या, पण ते दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर ठरवायचं.

लेकाशीही बोलावं लागलं. तो पुण्यात असतो, आईवर जीव आहे. दर तासाला फोन करायचा त्याचा बेत होता. "आई, ठीक आहेस ना?" हे दिवसातून दहादा विचारलं की ऐकणाऱ्याला वाटायला लागतं, ठीक नसण्यासारखं काहीतरी असणार. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, असे दोन फोन ठरले. मोबाइलवर आईचा ठावठिकाणा त्याला दिसत राहणार होता, तेवढं पुरे. त्यानं प्रेक्षणीय स्थळांची यादीही केली होती. मी म्हटलं, ती राहू दे, पण पहिल्या दिवशी स्थळं बघितलीच पाहिजेत असं नाही. बाहेर पडायचं, एक जेवण करायचं, एका अनोळखी माणसाशी कामापुरतं बोलायचं. बास.

आणि वही. वेळ, ठिकाण आणि भीतीला शून्य ते दहामधला आकडा. हिशेबाची सवय असलेल्या बाई, त्यांनी रोजमेळ लिहावा तशी लिहिली. पुढचं त्या वहीतलं आणि नंतर त्यांनी सांगितलेलं.

शुक्रवार. पुण्याहून पहाटेचं विमान, आदल्या रात्री जेमतेम तीन तास झोप. विमानतळ शहरापासून लांब, नेडुंबास्सेरीला. तिथून टॅक्सीनं फोर्ट कोचीतल्या होमस्टेत पोचेपर्यंत आकडा चार. खोलीचं दार लावलं आणि तो नऊवर गेला. वहीत लिहिलंय: "2.10. खोली. 9. भिंतीवर पाल. तीही मल्याळी." मोबाइलवर परतीची विमानं उघडली होती. नियम आठवला म्हणून बंद केली.

इथं थोडं थांबते, कारण बहुतेकांचा प्रवास इथंच मोडतो. झोप नाही, पहाटेपासून पोटात चहाबिस्किटावर काही नाही, अंग घामेजलेलं, आजूबाजूची भाषा कळत नाही. अशा शरीराला कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर 'घरी चल' हेच येणार. त्या नऊमधले निदान तीनचार आकडे भुकेचे असावेत. "मला जमणारच नाही" हा निष्कर्ष अशा वेळी काढायचाच नसतो.

ताई जेवायला बाहेर पडल्या. केळीच्या पानावर लालसर जाड भात, सांबार, भाज्या. पेल्यात गरम गुलाबी पाणी. हे काय, गंजकं पाणी की काय? शेजारच्या टेबलावरची शाळकरी मुलगी तेच घटाघट पीत होती. वेटरनं खुणेनं सांगितलं, औषधी आहे. केरळात पतंग नावाच्या झाडाचं लाकूड घालून पाणी उकळतात, त्याचा तो रंग. एकटीला जेवताना कोण बघतंय याची सांगलीपासून काळजी केली होती, पण सगळं लक्ष त्या पेल्यानं खाल्लं. "3.15. 6."

मग हिंमत करून रिक्षानं मट्टांचेरीचा राजवाडा. पोर्तुगिजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेला, पुढं डचांनी दुरुस्त केलेला, म्हणून त्याला डच पॅलेसही म्हणतात. शुक्रवारी बंद असतो. लेकाच्या यादीत ते नव्हतं. रिक्षा निघून गेलेली, बंद दारापुढं ताई एकट्या. "बंद. 8."

जवळच बाजार रोड लागतो. जुन्या वखारी, मिरी, सुंठ, वेलदोडा, जायपत्री. ताई वासामागं चालत गेल्या. एका दुकानात हळदीचं पोतं उघडं दिसलं आणि त्यांचा हात आपोआप गेला. हळकुंड मोडून बघितलं तर आत गडद नारिंगी. ही अलेप्पीची, आपल्या राजापुरीपेक्षा रंगाला चढी. दुकानदार गुजराती होते, मट्टांचेरीत गुजराती व्यापारी पिढ्यान् पिढ्या आहेत. "सांगली" म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढं केलं. भाव, पॉलिश, ओलावा, मग चहा. बोलणं पुरावर गेलं. त्यांच्याकडं 2018 ला पाणी आलं, विमानतळसुद्धा बंद पडला होता, आपल्याकडं 2019 ला. त्यांनी सांगितलं, हे बंदरही पुरानंच घडवलं असं मानतात: 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, जुनं मुझिरिस बंदर गाळानं गेलं आणि कोचीचं तोंड उघडलं. ताईंनी ते साल वहीत लिहून ठेवलंय. त्याखाली: "5.40. आकडा लिहायला विसरले."

या ओळीवर मी पेन्सिलनं खूण केली. ताईंचा 'आत्मविश्वास वाढला' वगैरे मी म्हणणार नाही, तासाभरात तो कुणाचाच वाढत नाही. घाबरलेला माणूस सतत स्वतःच्या छातीकडं, श्वासाकडं लक्ष ठेवून असतो. हळकुंड मोडताना ते लक्ष बाहेर गेलं, एवढंच झालं. "पण मला कुठलाच धंदा येत नाही," असं कुणी म्हणेल. शिक्षिका असाल तर शाळा सुटताना फाटकापाशी उभ्या राहा. शिवण येत असेल तर शिंप्याच्या दुकानात डोकवा. झाडं कळत असतील तर फोर्ट कोचीत रस्त्यांवर छत्र धरणारे शिरीषाच्या जातीचे थोराड वृक्ष आहेत. जे घरी रोज ओळखता, ते परगावी शोधा. स्मारकं उद्या बघता येतील.

संध्याकाळी त्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी गेल्या. लांबलचक वाशांवरची ती जाळी, दोरांना लटकवलेले दगड, चारपाच माणसं मिळून ओढतात. "ओढून बघा" म्हणून बोलावतात आणि मग पैसे मागतात. ताईंनी लांबूनच हात जोडले. तिथून वायपिन बेटाला जाणाऱ्या रो-रोच्या, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर. पलीकडचा काठ समोर दिसतो, चार मिनिटांचं पाणी. लोक स्कूटरसकट, भाजीच्या पिशव्यांसकट चढत होते. "6.30. धक्का. 7." त्या चढल्या नाहीत. बाकावर बसून बोटी येताना जाताना बघत राहिल्या. "7.10. 4." न पळता सातचे चार झाले, त्या दिवसातली माझ्या मते हीच मोठी कमाई.

नऊच्या फोनवर लेकानं विचारलं, काय काय बघितलंस? "काही नाही. सगळं बंद होतं," असं सांगून त्यांनी त्याला पंधरा मिनिटं हळदीचे भाव ऐकवले.

शनिवारी, नाश्ता झाल्यावर, परत जायचं का हा प्रश्न त्या स्वतःला विचारायला विसरल्या. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी गेल्या तर तेही शनिवारी बंद. त्या रागानं की काय, थेट धक्क्यावर जाऊन रो-रोत चढल्या. जाताना आठ, येताना पाच.

पुराची आठवण मात्र एका फेरीनं जात नाही. त्यावर आमचं काम अजून चालू आहे, ते वेगळं आणि सावकाशीचं आहे. तुम्हालाही असं काही मागचं असेल, किंवा घरात बसल्या बसल्या अचानक श्वास कोंडून मरणभय येण्याचे झटके येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करून मराठीत बोलता येतं. तिकिटाचं त्यानंतर बघू.