‘पैरवी’ला वशिल्याच्या पंगतीत बसवू नका

प्रश्न नागपुरातल्याच एका संस्थेत काम करणाऱ्या ताईंचा आहे. त्यांना एक पत्रक मराठीत करायचं आहे. विषय असा, की देशोदेशीच्या सेवाभावी संस्था एकत्र येऊन श्रीमंत देशांचं परकीय मदतीचं धोरण कसं वळवतात. त्यात ‘ॲडव्होकसी’, म्हणजे एखादी मागणी सतत लावून धरणं, हा शब्द पानोपानी येतो. त्याला पैरवी म्हणावं, वकिली म्हणावं, की हल्ली कार्यशाळांतून ऐकू येणारी ‘जनवकिली’? ‘लॉबिंग’ म्हणजेही तेच का? आणि ‘नेटवर्क’ला जाळं म्हटलं तर वाईट दिसेल का?

पैरवी म्हणा, ताई. दुसरा शब्द शोधत बसू नका.

पण आधी एक तक्रार. हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की आपल्या शहरात या शब्दाचे फार हाल होतात. ‘साहेबांकडे माझी जरा पैरवी करून द्या’, ‘त्याची वर पैरवी चांगली आहे, बदली थांबली त्याची’. हा हिंदीच्या शेजारानं आलेला अर्थ आहे आणि मराठीला त्याची मुळीच गरज नाही. आपल्याकडे वशिला आहे, शिफारस आहे, ‘शब्द टाकणं’ आहे, ‘वजन वापरणं’ आहे. एका अर्थाला इतके शब्द असताना दुसऱ्या अर्थाचा एकुलता एक नेमका शब्द त्यातच ओढायचा, हे भाषेचं सरळ नुकसान आहे. बर्डीवर चहा पिताना कोणी असं बोललं तर मी टोकतो, आणि पुढेही टोकणार.

आता शब्दाच्या पोटात काय आहे ते पाहा. फारसीत ‘पै’ म्हणजे पाऊल, पावलाचा माग. ‘रव’ हे ‘रफ्तन’, म्हणजे जाणे, या क्रियापदाचं रूप. रफ्तार तिथलीच, आपलं ‘रवाना’ आणि ‘रवानगी’ही तिथलंच. पै-रव म्हणजे मागोमाग जाणारा, आणि पैरवी म्हणजे माग न सोडता जाणं. याच कल्पनेचा मराठी शब्द आपण रोज वापरतो: पाठपुरावा. फारसी बोलणाऱ्यानं पावलाकडे पाहिलं, मराठी बोलणाऱ्यानं पाठीकडे, आणि दोघांनी एकच क्रिया पकडली. मला या जोडीचा फार आनंद होतो.

आणि हा ‘पै’ परका नाहीच. संस्कृत ‘पाद’ आणि फारसी ‘पै’ एकाच जुन्या घरातले. त्या घरातून मराठीत पाय आला, पाऊल आलं. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाव किलोतला ‘पाव’ आला. (बेकरीतला पाव पोर्तुगीज, त्याला इथे आणू नका.) ‘पै न् पैचा हिशोब’ यातली पै हीसुद्धा मुळात चतुर्थांशच. सायकलच्या पेडलला आपले लोक ‘पायडल’ म्हणतात आणि शिकलेले त्यांना हसतात. हसू नये. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या पायावरून आला आहे आणि तो पायही याच कुळातला आहे. पण या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय ‘पायंडा’. पायंडा म्हणजे पावलांनी मळलेली वाट, आणि त्यावरून रूढी, दाखला. माझं स्वतःचं मत असं, की पैरवी आणि पायंडा हे शब्द शेजारी ठेवल्याशिवाय ‘ॲडव्होकसी’ मराठीत नीट सांगताच येत नाही. माग धरून कोणी पुरेसा काळ चाललं की वाट मळते, आणि मग ती वाट पहिल्यापासूनच होती असं सगळे धरून चालतात. उदाहरण पुढे देतो.

त्याआधी दोन आक्षेप निकाली काढतो. पैरवी ‘पेरणे’वरून आली, विचार पेरायचा म्हणजे धोरण उगवतं, अशी एक व्युत्पत्ती प्रशिक्षणांतून सांगितली जाते. ती टाकाऊ आहे. ‘पे’चा ‘पै’ कसा झाला आणि ‘रवी’ कुठून उगवला, याचं उत्तर तिच्यात नाही. पैगाम आणि पैगंबर यांना पैरवीच्या रांगेत उभं करणारेही चुकतात. तिथला ‘पै’ पावलाचा नाही, आपल्या ‘प्रति’चा भाऊबंद आहे. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. उर्दूत पैरवी म्हणजे अनुसरण, एखाद्या थोर माणसाच्या मागे जाणं. तेव्हा हा शब्द अनुयायांचा झाला, हक्क मागणाऱ्यांचा नाही, असं एका जाणकारांनी मला ठणकावून सांगितलं. त्यांना उर्दू येते, पण कोर्टाचा व्हरांडा त्यांनी पाहिलेला नसावा. हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांत हा शब्द माणसाच्या मागे जाण्यासाठी राहिला नाही, तो खटल्याच्या मागे जाण्यासाठी रुळला. विदर्भातल्या वर्तमानपत्रात शिक्षा झाल्याची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सरकार पक्षातर्फे अमुक वकिलांनी बाजू मांडली, पैरवी अधिकारी म्हणून तमुक हवालदारांनी काम पाहिलं. हा हवालदार न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करत नाही. समन्स साक्षीदाराच्या हातात पडलं का, साक्षीदार तारखेला हजर आहे का, मुद्देमाल कोर्टात आला का, हे तो बघतो. तारीख पुढे गेली की पुन्हा पहिल्यापासून बघतो. पैरवी ही अशी असते.

म्हणूनच ‘जनवकिली’ मला अजिबात मान्य नाही. अरबी ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. सोपवणारा माणूस, म्हणजे मुवक्किल, असल्याशिवाय वकील होतच नाही. नागपूरकर मुधोजी भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्याला कंपनी सरकारचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याकडे असत, ते भोसल्यांनी नेमलेले होते म्हणून वकील होते. आता सेवाभावी संस्थांनी वकीलपत्र कोणाकडून घेतलं? ‘जन’ ही काही सही करणारी व्यक्ती नाही.

हा माझा शब्दच्छल वाटत असेल तर ब्रिटनमधला पेरगाऊ धरणाचा खटला पाहा. मलेशियातल्या या धरणाला 1991 साली ब्रिटिश सरकारनं मदतनिधीतून 23 कोटी 40 लाख पौंड द्यायचं ठरवलं. मदत खात्याच्या सचिवानंच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकत नाही म्हणून लेखी आक्षेप नोंदवला होता. पुढे असंही उघड झालं, की या मदतीची सांगड मलेशियाशी झालेल्या शस्त्रविक्रीच्या कराराशी होती. ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट’ ही मोहीम चालवणारी संस्था कोर्टात गेली. तिचं स्वतःचं काहीच बुडालं नव्हतं. धरणाखाली तिची जमीन जात नव्हती, कोणी विस्थापितानं तिला वकीलपत्र दिलं नव्हतं. मग दाद मागायचा तिला अधिकार काय, हा मुद्दा सरकारनं काढलाच. नोव्हेंबर 1994 मध्ये न्यायालयानं सांगितलं की अधिकार आहे. विषय महत्त्वाचा आहे, संस्थेचा त्यात दीर्घ अभ्यास आहे, आणि ती आली नाही तर दुसरं कोणी येण्याची शक्यता नाही. मदत बेकायदा ठरली. मदत देऊन त्या बदल्यात आपल्याच कंपन्यांचा माल घ्यायला लावायची पद्धत ब्रिटननं पुढे 2001 साली सोडली. तेव्हा मुवक्किलाशिवाय, केवळ प्रकरणाचा माग न सोडल्यामुळे मिळालेला हा अधिकार आहे. याला वकिली म्हणणं म्हणजे निकालाचा गाभाच पुसणं.

आता पायंड्याचं उदाहरण. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम विकासाच्या मदतीला द्यावी, हा आकडा आज जगभर घोकला जातो. तो कोण्या अर्थमंत्र्याच्या डोक्यातून निघाला असं वाटेल. पण माग काढत मागे गेलात तर चर्चच्या दारात पोचता. 1958 साली जागतिक चर्च परिषदेनं म्हटलं, की किमान 1 टक्का द्या. 1960 मध्ये ते निवेदन संयुक्त राष्ट्रांतल्या सगळ्या शिष्टमंडळांच्या हाती दिलं गेलं. त्या 1 टक्क्यात खासगी भांडवलही धरलं जाऊ लागलं, आणि खासगी भांडवलावर सरकारचा हुकूम चालत नाही. म्हणून सरकारी हिस्सा वेगळा काढायची गरज पडली. अर्थतज्ज्ञ टिनबर्गन यांनी हिशेब मांडला, 1969 साली जागतिक बँकेनं नेमलेल्या पिअर्सन आयोगानं 0.7 सुचवला, आणि 24 ऑक्टोबर 1970 रोजी आमसभेनं ठराव केला. स्वीडन 1974 साली तिथे पोचला. ब्रिटननं 2013 साली आकडा गाठला आणि 2015 साली तसा कायदाच केला. 1958 ते 2015! मधे सरकारं बदलली, मंत्री बदलले, संस्थांमधली माणसं निवृत्त झाली, तरी दर अंदाजपत्रकाला ‘0.7 चं काय झालं?’ हा प्रश्न विचारला गेला. ‘बॉण्ड’ हा ब्रिटनमधल्या संस्थांचा मंच 1993 सालचा. 2005 च्या ‘मेक पॉव्हर्टी हिस्टरी’ मोहिमेत शेकडो संघटना एकाच झेंड्याखाली आल्या आणि जुलैमध्ये एडिंबरोच्या रस्त्यांवर दोन लाखांहून अधिक माणसं उतरली. हे सगळे त्याच मळलेल्या वाटेवरचे टप्पे.

आणि वाट मळली म्हणून ती कायम राहते असंही नाही. 2021 साली ब्रिटननं आकडा 0.5 वर आणला, 2025 च्या फेब्रुवारीत 2027 पर्यंत 0.3 वर नेण्याचं जाहीर केलं. पैरवी थांबली की वाटेवर गवत उगवतं. थांबली नाही तरी कधीकधी उगवतं.

मोर्चाला पैरवी म्हणू नका, हेही इथेच सांगतो, कारण नागपूर मोर्चांचं गाव आहे. 1953 च्या नागपूर करारानं अधिवेशन इथे आणलं आणि दर डिसेंबरात टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. शिष्टमंडळ आत जातं, मंत्र्यांना निवेदन देतं, फोटो निघतो. पैरवी त्यानंतर सुरू होते. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली का, आवक क्रमांक काय पडला, फाईल कोणत्या टेबलावर आहे, अधिवेशन संपून कारभार मुंबईला गेल्यावर तिच्या मागे कोण गेलं? बर्मिंगहॅममध्ये 16 मे 1998 रोजी गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी सुमारे 70 हजार लोकांनी मानवी साखळी केली. तो मोर्चाचा भाग. पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत जी-8 या आठ बड्या देशांच्या गटानं कर्जमाफीची चौकट रुंदावली, तोवर मसुद्यांचा आणि आकड्यांचा माग धरून बसणं हा पैरवीचा भाग. पहिल्याला छायाचित्रं मिळतात, म्हणून दुसऱ्याचा शब्द तरी आपण जपू.

लॉबिंग वेगळं. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची जागा, आणि तिथे गाठून केलेली रदबदली म्हणजे लॉबिंग. पैरवीत ते एक हत्यार असू शकतं. पत्रकात ‘रदबदली’ लिहा, सगळ्यांना कळेल.

जाळ्याचं राहिलंच. रस्त्यांचं जाळं, रेल्वेचं जाळं चालतं, तसं संस्थांचंही चालेल. शीर्षकात खटकत असेल तर ‘मंच’ लिहा. ‘महासंघ’ मात्र निवडून दिलेले पदाधिकारी असतील तेव्हाच. आणि मराठी वाचकासाठी एक ओळ जोडा: परदेशी निधीच्या कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्या देशात एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. म्हणजे आपल्याकडच्या जाळ्यातून माहिती, मसुदे आणि सह्या फिरतात, परदेशी पैसा फिरत नाही. हे सांगितलं नाही तर ‘जाळं’ वाचून लोक भलतंच समजतील.

‘ॲडव्होकसी ऑफिसर’चं ‘पैरवी अधिकारी’ करू नका, ते पद पोलिसांकडे आधीच आहे. ‘पैरवी समन्वयक’ लिहा.