बिग बॉय अजून धावतं का?

प्रश्न : अमेरिकेतलं ‘बिग बॉय’ हे वाफेचं इंजिन एवढं अवाढव्य का बांधलं? आज एखादं चालू स्थितीत आहे का?

उत्तर : युटातल्या ऑग्डेनहून पूर्वेकडे निघालं की वॉसॅच डोंगराचा चढ लागतो. तिथे जड मालगाडीला जोडीला आणखी इंजिन लावावं लागे. ते टाळायला युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९४१ ते १९४४ मध्ये अशी २५ इंजिनं करून घेतली. टेंडरसकट (म्हणजे कोळसा-पाणी वाहणाऱ्या मागच्या डब्यासकट) लांबी सुमारे १३२ फूट! वळणावर अडकू नये म्हणून चाकांचे दोन संच, पुढचा बिजागरीवर वळणारा. नाव मात्र कारखान्यातल्या कुणा कामगाराने खडूने लिहिलेलं. मला ही गोष्ट फार आवडते.

ग्रीन बेच्या संग्रहालयात मी ४०१७ क्रमांकाच्या इंजिनाशेजारी उभा राहिलो. मोठ्या चाकाची वरची कड थेट माझ्या डोक्याला लागत होती. व्यास ५ फूट ८ इंच. बराच वेळ तिथून पाय निघेना.

आणि हो, एक धावतं. १९५९मध्ये या इंजिनांची मालवाहतूक थांबली, पण ४०१४ दुरुस्त होऊन मे २०१९मध्ये पुन्हा रुळांवर आलं. आता कोळशाऐवजी तेलावर चालतं. जमलं तर जरूर पाहा.