मुठी बदला, पण आधी कार्ड फेडा

डोंबिवलीहून एका वाचकांनी लिहिलं आहे: "घरातल्या पाच नळांच्या मुठी नुसत्याच गोल फिरतात. प्लंबर म्हणतो, सगळे नळच बदला, २२ हजार होतील. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली सव्वा लाखाची एफडी मोडायची नाही, म्हणून क्रेडिट कार्डावर घेऊ का? कार्डावर आधीचे ६४ हजार आहेत, विम्याचा हप्ता त्यावरूनच भरला होता. पण मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, दर महिन्याला न चुकता भरतो."

नळांचं आधी उरकतो. मुठीवरची लाल-निळी टोपी नखाने उचका, खाली स्क्रू दिसेल. तो आवळून बघा. तरीही मूठ फिरत राहिली तर ती काढून आतल्या स्पिंडलचे, म्हणजे मूठ जिच्यावर बसते त्या दांडीचे, दाते बघा. दाते शाबूत असतील तर फक्त मूठ झिजली आहे, दाते गेले असतील तर स्पिंडलही बदलावा लागेल. जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जा, दात्यांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते. मजुरी धरून तीनेक हजारांत काम व्हावं. एवढं पगारातून भागवा.

आता ते ६४ हजार. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर सव्वादोन हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा २,६०० च्या पुढे. तुम्ही पाच टक्के मिनिमम भरता, ते ३,२००. मुद्दल महिन्याला जेमतेम सहाशेने कमी होतं! शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. नळ घेतल्या दिवसापासून त्यावरही व्याज सुरू.

वर्षाला तीस हजार व्याज जातंय आणि शेजारी एफडीत तेवढेच ६४ हजार वर्षाला चारेक हजार कमावतायत. एफडी याच आठवड्यात मोडा. एखादा टक्का व्याज कापलं जाईल, जाऊ द्या. कार्ड पूर्ण फेडा आणि उरलेल्याची नवी एफडी करा. मुलीचे पैसे एफडी मोडून नाही, कार्डावर संपतायत.

आणि जिचा हप्ता कार्डावरून भरलात, ती पत्रात पुढे सांगितलेली विमा पॉलिसी. "एफडीसारखीच आहे" म्हणून बँकेतून गळ्यात मारलेली, दोन हप्ते झालेत. दहा वर्षं साठ-साठ हजार भरायचे आणि पंधराव्या वर्षी दहा लाख, हा परतावा साधारण पाच टक्के. पाच टक्के मिळवायला तुम्ही चाळीस टक्क्यांहून जास्त व्याजाने कर्ज काढलंत, आणि विमा फक्त सहा लाखांचा. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालतं म्हणता, मग सहा लाख किती दिवस पुरतील? असं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आधी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा घ्या, प्रकृती ठीक असेल तर सध्याच्या हप्त्याच्या निम्म्यातही बसावा. तो हातात आल्यावर विमा कंपनीला दोन आकडे लेखी विचारा: आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी बंद करून पैसे परत घेतले, तर किती; पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच राहू दिली, तर मुदतीअखेर किती. डिसेंबरचा तिसरा हप्ता कार्डावरून आपोआप कापला जाणार असेल, तर ती सूचना आजच रद्द करा.