नवीन मानसोपचारतज्ज्ञांबरोबर उपचारांचा आराखडा ठरवताना रुग्णाने काय सांगावे?

आपले जुने डॉक्टर निवृत्त झाले आहेत, आपण बायपोलर आजारासाठी (यात मन उन्माद आणि उदासी अशा दोन टोकांना जाते) लिथियमच्या गोळ्या घेता, आणि नवीन डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत काय बोलावे, असा आपला प्रश्न आहे. मलाही हाच आजार आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी कापूस, तूर आणि हरभरा घेतो, आणि तीन वर्षांपूर्वी माझेही डॉक्टर असेच बदलले.

पहिल्या भेटीला मी जुन्या केसपेपरांची पिशवी नेली आणि विचारले तेवढेच बोलून परत आलो. झोप लागते का, या प्रश्नाला मी होकार दिला आणि ते खरेही होते, कारण महिना एप्रिलचा होता. हरभऱ्याच्या ओलितासाठी आमच्याकडे वीज बहुधा रात्री मिळते आणि रानडुकरे व रोही (नीलगायी) यांच्यापायी तुरीत जागल, म्हणजे रात्रभर राखण, करावी लागते, हे शहरातल्या डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळणार कसे? माझे तिन्ही उन्मादाचे झटके दिवाळी ते संक्रांत या काळात, सलग जागलीनंतरच आले होते, हे दुसऱ्या भेटीत माझ्या पत्नीने सांगितले (आमच्या घरी तारखा तिलाच पाठ असतात), आणि तेव्हा कुठे आराखडा ठरू लागला. जागल धाकट्या भावाकडे गेली आणि त्याच्या वाट्याच्या बाजाराच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या; शिवाय सलग दोन रात्री झोप मोडली आणि तरीही थकवा जाणवला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा, असे ठरले. गोळ्यांच्या मात्रेपेक्षा या वाटणीवरच आमची चर्चा अधिक झाली, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

लिथियमबाबत उन्हाळ्याचा विषय आपण स्वतः काढावा. घाम फार गेला, पाणी कमी पडले किंवा जुलाब झाले, तर रक्तातले लिथियम वाढते. अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. हाताचा थरकाप वाढणे, उलट्या होणे, चालताना झोक जाणे ही धोक्याची लक्षणे असून तेव्हा तातडीने दवाखाना गाठावा. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी करतात, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यावी. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या केव्हा करायच्या, तेही लिहून घ्यावे.

एक गोष्ट सांगायला मला फार जड गेली. उदासीच्या दिवसांत मरणाचे विचार येतात असे मी म्हणालो, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले ते फवारणीचे औषध कुठे ठेवता हेच. तेव्हापासून ते भावाच्या घरी कुलपात असते आणि किल्ली त्याच्याकडेच राहते. अशी रात्र आलीच, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्याला स्वतःच्या उपचारांची माहिती आणि नोंदी मिळण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा जुन्या दवाखान्यातून नोंदींची प्रत मागण्यात संकोच बाळगू नये. मात्र भेटीपूर्वीच गोळ्या संपत आल्या असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जुनी चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत आधीच जावे.