मांजरीचं घर: थर्माकोल छपरात घाला, भिंतींना नको

गोव्यातल्या फोंड्याच्या ताईंचा प्रश्न असा: परसात मांजर आणि तिची तीन पिल्लं आहेत, मृग लागायच्या आत घर करायचंय. मासळीची थर्माकोल पेटी, भाजीचा प्लास्टिक क्रेट, मोडकं पॅलेट (माल ठेवायची लाकडी फळ्यांची चौकट), प्लायचा तुकडा आणि जुना फ्लेक्स पडून आहे. थर्माकोलची पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ब्लँकेट घातलं तर चालेल का?

नाही चालणार. अशी थर्माकोलची घरं व्हिडिओत दिसतात, पण तो नमुना बर्फ पडणाऱ्या मुलखातला. तिथे अंगाची ऊब आत कोंडायची असते. गोव्यात खरा त्रास ओलीचा आणि उकाड्याचा. पिल्लू गारठतं ते बहुतेक भिजल्यामुळे. बंद थर्माकोलमध्ये चार जिवांच्या श्वासाची वाफ बाहेर जात नाही, ब्लँकेट ती शोषतं आणि बुरशी धरते. अशा ओलीत पिल्लांना गजकर्ण झालं तर ते हाताळणाऱ्या मुलांनाही होतं. शिवाय थर्माकोलला मासळीचा वास राहतो. मांजर तो कुरतडणार आणि दाणे पोटात जाणार.

तुमच्याकडचा सगळ्यात कामाचा माल म्हणजे क्रेट. साधारण ६० × ४० × ३० सेंमीचा असेल तर आई आणि तीन लहान पिल्लांना पुरतो. तो पालथा घाला. बूड वर गेलं की त्याच्या भोकांतून गरम हवा निघून जाते, आणि क्रेट उचलला की खालचा तळ धुता येतो. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण जे घर उघडून धुता येत नाही ते पावसाळा संपायच्या आत टाकून द्यावं लागतं.

दार लांब बाजूला, एका टोकाला कापा. मधोमध कापलं तर झोपायला आडोसा उरत नाही. १६ सेंमी रुंद, १८ सेंमी उंच, आणि उंबरठा तळापासून ६ सेंमी वर. हॅकसॉ ब्लेडने कापलेली कड धारदार राहते. ती कानशीने घासा आणि बागेतल्या जुन्या पाइपला उभी चीर देऊन कडेवर चढवा.

तळ पॅलेटच्या फळ्यांचा. पॅलेटवरचा शिक्का आधी बघा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते नको. फळ्यांत ५ मिमीची फट ठेवा. जास्त ठेवली तर पिल्लाचा पाय अडकतो. स्क्रू स्टेनलेसचे किंवा जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले), साधे खिळे खाऱ्या हवेत गंजून फळी सोडतात. वाळवीसाठी लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे. इथे लावू नका, ते कातडी भाजतं. फिनाइल आणि डांबरगोळ्याही नकोत. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, आणि पायाला लागलेलं सगळं ते चाटतं. धुवायला साबणाचं पाणी आणि ऊन पुरे.

तळाखाली चार कोपऱ्यांना जांभ्याचे चार चिरे. चिरा पाणी ओढतो, म्हणून चिरा आणि फळी यांच्यामध्ये फ्लेक्सचा तुकडा हवाच, नाहीतर ओल खालून चढते.

पूर्ण उंचीचा फ्लेक्स फक्त मागच्या आणि पावसाच्या बाजूला बांधा, मागची पांढरी बाजू बाहेर ठेवून. ऊन कमी शोषतं, आणि उमेदवाराचा हसरा चेहरा मांजरीच्या वाट्याला जातो. वरून केबल टायने आवळा, खाली तळाच्या कडेपेक्षा ५ सेंमी लोंबू द्या. बरोबर कडेवर कापलात तर ओघळ फळीत शिरतो. चिकटपट्टी पहिल्या पावसातच सुटते, तिच्यावर भिस्त नको. दाराच्या बाजूला दार सोडून फक्त खालचा अर्धा भाग झाका, म्हणजे आडोसाही मिळतो आणि वाराही.

आता थर्माकोल. तो प्लायच्या छपराखाली लावा, म्हणजे तापलेल्या छपराची धग खाली उतरत नाही. प्लाय ८० × ६० सेंमी, म्हणजे चारी बाजूंना १० सेंमी पागोळी. क्रेट आणि छपरामध्ये पुढे ७ आणि मागे ३ सेंमीच्या पट्ट्या घाला. उतार मिळतो आणि मधून हवा खेळते. रबर सोल्यूशनने थर्माकोल चिकटवू नका, तो विरघळतो. पाण्यात टिकणारा पांढरा गोंद लावा, खालून फ्लेक्स ताणून प्लायच्या कडांना स्टेपल मारा, म्हणजे नखं पोचत नाहीत. छपरावरही फ्लेक्स ओढा आणि कडा खाली दुमडा, नाहीतर प्लायचे पदर सुटतात.

जागा पडवीत किंवा वळचणीखाली, भिंतीपासून वीतभर सोडून. माडाखाली अजिबात नको. एक चुडत (झावळी) पडलं तरी पुरे. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणून दार पूर्वेला किंवा उत्तरेला. चतुर्थीनंतर मात्र संध्याकाळची गडगडाटी सर घाटाकडून, पूर्वेकडून येते. तेव्हा पूर्वेचं दार उत्तरेला फिरवा. भिंतीत ठोकलेलं घर फिरवता येत नाही, म्हणून ठोकू नका. छपरावर दोन चिरे ठेवले की वाऱ्याला पुरतात.

अंथरूण गोणपाटाचं नको, पेंढ्याचंही नको. दोन्ही हवेतली ओल धरतात. जुन्या सुती चादरीच्या चार घड्या बास. तीन जोड ठेवा आणि दर दोन दिवसांनी बदला. खाणं आत ठेवलंत तर मुंग्या पिल्लांपर्यंत जातात. वाटी बाहेर, पाण्याच्या ताटलीत. ते पाणी रोज ओता, डासांची पैदास नको.

मांजर आत जात नसेल तर उचलून कोंबू नका. सध्या ती जिथे झोपते तिथलं फडकं न धुता आत घाला आणि दोन-तीन दिवस घर हलवू नका. पिल्लं तिची तिलाच आणू द्या.